जुने औषध, नवी साक्ष

वैद्यकशास्त्रात नव्या औषधाचा जन्म हा सोहळा असतो. जुन्या औषधाला नवे काम मिळाले, तर त्याची दखल चार ओळींत उरकली जाते. हा पंक्तिप्रपंच किती अन्यायाचा आहे, हे कोविडच्या महामारीने दाखवून दिले. रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ज्या औषधांची ठाम शिफारस केली, त्यांत तीन प्रमुख होती: डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे, टोसिलिझुमॅबच्या वर्गातील औषधे आणि बॅरिसिटिनिब. यांतले एकही कोविडसाठी जन्मलेले नव्हते. डेक्सामेथासोन प्रथम तयार झाले १९५७ साली, आणि दमा, संधिवात यांसारख्या विकारांत ते गेली साठ वर्षे वापरात आहे. उरलेली दोन संधिवाताच्या रुग्णांसाठी बाजारात आली होती. विषाणूला मारणे हे या तिघांपैकी एकाचेही काम नव्हे. विषाणूच्या निमित्ताने शरीर स्वतःच जी आग पेटवते, ती आवरणे हे त्यांचे काम.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि त्या दिवसांची आठवणही आता लोकांना नकोशी झाली आहे. ते स्वाभाविक असले, तरी शहाणपणाचे नाही. पुढचा विषाणू आपल्या सवडीने येईल, आमच्या नव्हे. आणि तो येईल तेव्हा पहिले काही महिने वैद्यांच्या हाती फडताळातली जुनी औषधेच असतील. त्यांतले कोणते उपयोगी पडेल हे कसे ओळखायचे, हा पहिला प्रश्न. ओळखलेले औषध खरोखर उपयोगी आहे, हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जनुकशास्त्र देऊ लागले आहे. दुसऱ्याचे उत्तर या देशाने आणि या राज्याने अद्याप दिलेले नाही. आमचा रोख त्या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. परंतु त्यासाठी आधी पहिला नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एकाच घरातल्या दोन भावांना एकाच आठवड्यात एकाच विषाणूची बाधा होते. एकाला दोन दिवस ताप येऊन जातो, दुसऱ्याला कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागते. वय, मधुमेह, स्थूलता यांनी या फरकाचा काही उलगडा होतो; सगळा होत नाही. उरलेल्याचा काही भाग जनुकांत लिहिलेला असतो. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत सुमारे तीन अब्ज अक्षरांची एक पोथी असते, आणि कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या लाखो ठिकाणी एकमेकींहून भिन्न असतात. हजारो अत्यवस्थ रुग्णांच्या पोथ्या इतर लोकांच्या पोथ्यांशी ताडून पाहिल्या, की रुग्णांमध्ये वारंवार आढळणारी काही अक्षरे वेगळी पडतात. ती अक्षरे ज्या प्रथिनाच्या निर्मितीवर परिणाम करतात, त्या प्रथिनाचा रोगाच्या उग्रतेशी संबंध असावा, असे अनुमान निघते. ते प्रथिन जन्मतः अधिक असणारे लोक जर अधिक अत्यवस्थ होत असतील, तर त्या प्रथिनाला आवर घालणारे औषध उपकारक ठरण्याचा संभव वाढतो. मग असे औषध आधीच कुठे आहे का, ते पाहायचे.

या अनुमानाचे बळ कशात आहे, तेही लक्षात घेतले पाहिजे. रुग्णाच्या रक्तात एखादे द्रव्य वाढलेले दिसले, तर ते रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, हे सांगता येत नाही. धूर दिसला म्हणून धुरानेच आग लावली असे कोणी म्हणत नाही. जनुकातले अक्षर मात्र गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. पन्नाशीत झालेल्या रोगाने ते बदललेले असू शकत नाही. म्हणूनच जनुकांची साक्ष ही रोगापूर्वीची साक्ष होय, आणि तिचे मोल अधिक. ज्या औषधांच्या लक्ष्याला जनुकीय पुराव्याचा आधार असतो, ती औषधे चाचण्यांच्या सर्व पायऱ्या चढून यशस्वी होण्याची शक्यता इतरांच्या २.६ पट असते, असे २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत आढळले.

या मार्गाचे महत्त्व कळण्यासाठी एड्सच्या इतिहासातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एचआयव्हीच्या संपर्कात वारंवार येऊनही काही माणसे बाधित होत नाहीत, याचे एक कारण १९९६ साली सापडले. त्यांना आई आणि वडील या दोघांकडूनही सीसीआर-५ या जनुकाची अशी प्रत मिळालेली होती, की जिच्यात ३२ अक्षरांची गळ होती. विषाणू ज्या दाराने पेशीत शिरतो, ते दारच त्यांच्या पेशींवर नव्हते. ते दार इतरांच्या बाबतीत बंद करणारे औषध, माराव्हिरॉक, बाजारात यायला २००७ साल उजाडले. म्हणजे दिशा कळली होती, पण औषध हाती नसल्याने अकरा वर्षे गेली. दुसरी गोष्ट झिडोव्हुडीनची. हे रसायन १९६४ साली कर्करोगासाठी तयार केले गेले, तिथे निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले. पुढे एचआयव्हीविरुद्ध प्रयोगशाळेत अनेक रसायने चाळताना त्याचा गुण ध्यानी आला, आणि १९८७ साली ते एड्सवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध झाले. तिथे औषध फळीवर होते, दिशा नव्हती. दिशा आणि फळीवरचे औषध यांची गाठ घालून देणे, हेच आजच्या या प्रयत्नाचे मर्म.

कोविडच्या काळात ही गाठ कशी पडली, ते पाहण्याजोगे आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास करणारा ‘जेनॉमिक’ नावाचा उपक्रम ब्रिटनमध्ये एडिंबरा येथील डॉ. केनेथ बेली यांच्या नेतृत्वाखाली महामारीच्या आधीपासूनच चालू होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतल्या २,२४४ कोविडरुग्णांची जनुके तपासून त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात टीवायके-२ या जनुकाकडे स्पष्ट निर्देश होता: हे जनुक ज्यांच्यात अधिक क्रियाशील, त्यांच्यात प्राणघातक आजाराचा धोका अधिक. शरीरातील दाहाचा निरोप पेशींच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबातले हे एक. त्या कुटुंबाला आवर घालणारी संधिवाताची गोळी, बॅरिसिटिनिब, युरोपात २०१७ पासून मिळत होती. पुढे हाच अभ्यास विस्तारत गेला. २०२३ साली २४ हजारांहून अधिक अत्यवस्थ रुग्णांच्या माहितीतून रोगाच्या उग्रतेशी निगडित अशा ४९ जागा निश्चित झाल्या.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बॅरिसिटिनिबचे नाव पहिल्यांदा सुचवले ते जनुकशास्त्राने नव्हे. संगणकाच्या साहाय्याने औषधांच्या माहितीचे मंथन करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेतील संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच ‘लॅन्सेट’मधून ते सुचवले होते. पण सूचना शेकड्यांनी येत होत्या. त्या गर्दीतून कोणत्या औषधाला चाचणीची रांग आधी द्यायची, हे ठरवताना जनुकांच्या स्वतंत्र साक्षीचा उपयोग झाला. ऑक्सफर्डच्या प्रा. पीटर हॉर्बी व प्रा. मार्टिन लँड्रे यांनी चालवलेल्या ‘रिकव्हरी’ या चाचणीत फेब्रुवारी २०२१ पासून बॅरिसिटिनिबचा समावेश झाला. चिठ्ठी टाकावी तसे ८,१५६ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार अधिक ही गोळी. मार्च २०२२ मध्ये निकाल आला. २८ दिवसांत पहिल्या गटातले १४ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले १२ टक्के.

‘दोनच टक्के?’ असे कोणी म्हणेल. यातल्या बहुतेक रुग्णांना स्टेरॉइडे आधीच मिळत होती. त्यावरचा हा जादा लाभ आहे. आणि दोन टक्के म्हणजे दर पन्नास रुग्णांमागे एक जीव. ज्या घरातला तो एक, त्या घराला हा हिशेब शंभर टक्क्यांचा असतो. शिवाय एवढा लहान लाभ एखाद्या वैद्याच्या डोळ्यांना कधीच दिसला नसता. वर्षभरात दोनशे रुग्ण पाहणारा निष्णात वैद्यही अनुभवाच्या बळावर १४ आणि १२ यांतला फरक सांगू शकणार नाही. तो दाखवण्यासाठी हजारो रुग्ण, शेकडो रुग्णालये आणि एकच शिस्तबद्ध पद्धत लागते. अनुभवी वैद्याचा शब्द आम्ही शिरोधार्य मानतो. पण या प्रकारच्या प्रश्नात अनुभव अपुरा पडतो, हे मान्य करण्यात वैद्याचा अधिक्षेप नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जनुकांची साक्ष मोलाची खरी, परंतु साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. त्याच डिसेंबर २०२० च्या अभ्यासात आयएफएनएआर-२ या दुसऱ्या जनुकाकडेही निर्देश होता. इंटरफेरॉन नावाच्या नैसर्गिक संरक्षक द्रव्याचा निरोप स्वीकारणारे हे जनुक ज्यांच्यात मंद, त्यांना धोका अधिक. मग बाहेरून इंटरफेरॉन दिल्यास रुग्ण बरे होतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत रुग्णालयातील रुग्णांना इंटरफेरॉन देऊनही मृत्यूंचे प्रमाण घटले नव्हते. रोगाच्या आरंभी जे द्रव्य तारक, तेच आठव्या-दहाव्या दिवशी निरुपयोगी असू शकते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. जनुक दिशा सांगते. वेळ, मात्रा आणि रुग्णाची अवस्था सांगत नाही. डेंगीच्या बाबतीतला धडाही असाच आहे. क्लोरोक्वीन, प्रेडनिसोलोन आणि लोवास्टॅटिन ही तीन जुनी औषधे, तिन्हींच्या मागे काही ना काही सुसंगत तर्क; व्हिएतनाममध्ये ती रीतसर चाचणीस लावली गेली आणि तिन्ही डेंगीवर निष्प्रभ ठरली. जुने औषध नव्या रोगावर चालेल ही आशा बहुधा फोल ठरते. म्हणूनच ज्या थोड्या आशा फळतात, त्या वेगळ्या काढणारी चाळण हवी.

ही चाळण नसली म्हणजे काय होते, ते शोधायला आम्हां गोमंतकीयांस दूर जावे लागत नाही. १० मे २०२१ रोजी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी घोषणा केली, की अठरा वर्षांवरील प्रत्येकाला, बाधा झालेली असो वा नसो, पाच दिवस आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्यात येतील. आयव्हरमेक्टिन हे थोर औषध आहे, यात वाद नाही. कृमींमुळे येणाऱ्या अंधत्वापासून लक्षावधी लोकांना त्याने वाचवले, आणि त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कोविडवर ते चाचणीखेरीज वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच बजावले होते, आणि गोव्याच्या घोषणेनंतर लगेच तिच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनी त्या इशाऱ्याचा पुनरुच्चार केला. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, आरंभीच्या अवस्थेत आयव्हरमेक्टिन देऊनही रुग्णालयात जाण्याची वेळ टळत नाही, असे मार्च २०२२ मध्ये स्पष्ट झाले.

ज्या दिवसांत ती घोषणा झाली, ते दिवस कसे होते हे आमचे वाचक जाणतात. प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, घराघरांत मृत्यूची छाया होती, आणि सरकारने ‘काहीतरी करावे’ असा लोकांचाच आक्रोश होता. तेव्हा त्या घोषणेच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. आमची तक्रार निराळी आहे. दहा लाखांहून अधिक प्रौढांना गोळ्या वाटण्याची ज्या राज्याची तयारी होती, त्या राज्याला त्यांतल्या दहा हजार स्वेच्छुकांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करणे अशक्य होते काय? तसे झाले असते, तर त्या वेगाने फैलावणाऱ्या साथीत काही आठवड्यांतच उत्तर मिळाले असते, आणि ते गोव्याने जगाला दिलेले उत्तर असते. औषध निरुपयोगी ठरले असते, तर पैसा आणि खोटा दिलासा वाचला असता. उपयोगी ठरले असते, तर साऱ्या जगाचे कल्याण झाले असते. आम्ही गोळ्या वाटण्याची घोषणा केली; ज्ञान मात्र पदरात पाडून घेतले नाही. हा तोटा पैशांत मोजण्याजोगा नाही.

रीतसर चाचणी भारतात होऊच शकत नाही, ही सबबही खरी नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, अत्यवस्थ रुग्णांना देण्याची लाट २०२० साली देशभर आली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी केली, आणि त्याने रोग गंभीर होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटत नाही, असा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम जगाने वाखाणावे असेच होते. तथापि राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत दात्यांच्या शोधात किती कुटुंबांनी दारोदार वणवण केली, याची गणती कोणी ठेवली? उत्तर हाती असून ते ऐकण्याची तयारी नसणे, हा अज्ञानाहून वाईट प्रकार आहे.

आणि सिद्ध झालेले औषधही आंधळेपणाने वापरले तर उलटते. ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये सांगितले होते, की डेक्सामेथासोनमुळे श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना मात्र लाभ नाही. आपल्याकडे यातला पहिला अर्धा भाग सर्वांनी ऐकला. सौम्य तापातही, अधिक मात्रेत, अधिक दिवस स्टेरॉइडे दिली गेली. मधुमेहाची जोड मिळाली. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या आजाराने हजारोंना गाठले. औषध तेच, योग्य वेळी संजीवनी, अवेळी संकट.

मग जुन्या औषधांची चाचणी सर्वत्र रीतसर का होत नाही? याचे उत्तर वैद्यकात नसून अर्थकारणात आहे. ज्या औषधाची एकस्वाची मुदत संपली, ते कोणीही बनवू शकतो; म्हणून त्याचा नवा गुण सिद्ध करण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्चण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते. डेक्सामेथासोनची एक मात्रा काही रुपयांत मिळते. त्याची चाचणी झाली ती ब्रिटनच्या सरकारी पैशातून आणि सार्वजनिक रुग्णालयांतून. एकस्वाखालच्या औषधांची अडचण उलट: तिथे गुण सिद्ध होतो, पण किंमत गरिबाच्या आवाक्यात राहत नाही. बॅरिसिटिनिबच्या बाबतीत हैदराबादच्या नॅटको कंपनीने मे २०२१ मध्ये सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्याच महिन्यात मूळ मालक असलेल्या एली लिली कंपनीने नॅटकोसह अनेक भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने स्वामित्वशुल्काविना देऊ केले. १९७० च्या एकस्व कायद्याने या देशात स्वस्त औषधनिर्मितीचा जो पाया घातला, त्याचेच हे फळ. परवाना मिळालेल्यांपैकी सिप्ला व ल्युपिन या कंपन्यांचे कारखाने आमच्या वेर्ण्यात आहेत. औषध बनवण्याचे बळ आमच्या दाराशी आहे. ते कोणत्या रोगावर चालते हे तपासण्याचे बळ मात्र आम्ही उभारलेले नाही.

दुसरी उणीव जनुकीय माहितीची. ‘जेनॉमिक’च्या पहिल्या अभ्यासाचे मुख्य विश्लेषण युरोपीय वंशाच्या रुग्णांवर आधारलेले होते. तिथली साक्ष इथे जशीच्या तशी लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही, याचे ठळक उदाहरण कोविडनेच पुरवले. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा रोगाची उग्रता वाढवतो. तो निअँडरथल मानवाकडून आपल्या पूर्वजांत आला, असे हुगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी २०२० साली दाखवले. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आढळतो. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत. म्हणजे या प्रश्नाचा मोठा वाटा आमच्या रक्तात, आणि अभ्यास मात्र परक्यांच्या. ही तूट भरून काढण्याचा आरंभ झाला आहे. देशातील ८० हून अधिक जनसमूहांतल्या दहा हजार व्यक्तींची जनुके वाचणाऱ्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रात ती जतन केली आहे. हे अभिनंदनीय होय. परंतु ही सर्वसामान्य व्यक्तींची जनुके आहेत. ताडून पाहण्यासाठी दुसरी बाजू लागते: अत्यवस्थ झालेल्या रुग्णांची. ती रुग्णालयांतूनच मिळणार, आणि रोग्याच्या खाटेशेजारीच ती गोळा करावी लागणार.

हे सारे दूरदेशीच्या प्रयोगशाळांचे काम, आमच्या खेड्यापाड्यांशी त्याचा संबंध काय, असे ज्यांना वाटेल, त्यांनी सत्तरीकडे पाहावे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात काजूच्या बागांतील कष्टकऱ्यांमध्ये उद्भवला, आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या दोडामार्गात पोहोचला. गोचीड चावल्याने होणारा हा विषाणुज्वर. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. त्यावर विशिष्ट असे औषध नाही. जी लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली जात होती, तिचे संरक्षण अपुरे ठरल्याने ती २०२२ साली बंद झाली. काजू वेचणाऱ्या काही शेकडा गरिबांसाठी शेकडो कोटी खर्चून नवे औषध शोधायला जगातली कोणती कंपनी पुढे येणार आहे? त्यांच्यासाठी जुन्या औषधांना नवे काम लावणे हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग नव्हे. जवळजवळ तो एकमेव मार्ग आहे.

म्हणून आमची सूचना आहे, ती स्वप्नरंजनाची नाही. पहिली गोष्ट, चाचणीचा आराखडा साथ येण्यापूर्वी तयार हवा. ‘रिकव्हरी’ची योजना कागदावर उतरल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण चाचणीत आला, याचे कारण तिथल्या सार्वजनिक रुग्णालयांची एकसूत्री व्यवस्था. १८४२ पासूनच्या वैद्यकीय शिक्षणाचा वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या महाविद्यालयाने यात पुढाकार घ्यावा, आणि म्हापसा व मडगावच्या जिल्हा रुग्णालयांनी साथ द्यावी. दुसरी गोष्ट, हे एकट्या गोव्याचे काम नाही. माकडतापाचे रुग्ण एका राज्यात मूठभर. सिंधुदुर्ग, बेळगाव, उत्तर कन्नड, शिमोगा आणि गोवा मिळून ते चाचणीपुरते होऊ शकतील. पाण्यासाठी भांडणाऱ्या राज्यांना एका विषाणूसाठी एकत्र बसता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही. गोचीड राज्यांच्या सीमा पाळत नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हा या सर्वांचा नैसर्गिक दुवा आहे. तिसरी गोष्ट, गंभीर विषाणुज्वराने दाखल होणाऱ्या रुग्णाचे थोडे रक्त, त्याच्या संमतीने, जनुकवाचनासाठी जपून ठेवले जावे, आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद त्याला जोडली जावी. नोंदीवाचून नमुना म्हणजे पत्त्यावाचून पत्र.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला, गरीब रुग्णांना प्रयोगाचे उंदीर बनवणार काय? आमचे उत्तर असे, की अप्रमाणित औषध सर्वांना वाटणे हाही प्रयोगच असतो. फरक इतकाच, की त्यात कोणाची संमती नसते, देखरेख नसते आणि निकालही नसतो. रीतसर चाचणीत नीतिसमिती असते, रुग्णाला नकाराचा अधिकार असतो, आणि अपाय दिसताच ती थांबवता येते. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. जनुकांची माहिती एका व्यक्तीची नसते. तिच्यात भावंडांचे आणि मुलाबाळांचेही गुपित असते. ती विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती पडली तर अनर्थ होईल. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. त्याचा काच या माहितीभोवती अधिक आवळला पाहिजे, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत, कोकणीत वा मराठीत, समजावून दिल्याखेरीज कोणत्याही कागदावर त्याची सही वा अंगठा घेतला जाऊ नये. लोकांचा विश्वास एकदा गमावला, की कोणतीही प्रयोगशाळा तो परत मिळवून देऊ शकत नाही.

या सगळ्याला लागणारा पैसा मोठा नाही. लागते ती चिकाटी, आणि ‘आम्हांस ठाऊक नाही, म्हणून तपासून पाहू’ असे लोकांसमोर उभे राहून सांगण्याचे धैर्य. संकटाच्या घटकेला राज्यकर्त्याने ठाम बोलावे अशी जनतेची अपेक्षा असते. पण ठामपणा औषधाबद्दल नसावा, पद्धतीबद्दल असावा. फळीवर औषधे आहेत, ती बनवणारे हात आहेत, जनुकांची पोथी वाचणारे शास्त्रज्ञही आता या देशात आहेत. या तिघांना जोडणारी चाचणीची व्यवस्था तेवढी नाही, आणि ती उभारणे हे सरकारचेच काम आहे, कारण त्यात नफा नसल्याने दुसरे कोणी ते करणार नाही. काजूचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. पुढच्या हंगामापूर्वी निदान एका कागदावर, कोणते औषध, कोणत्या रुग्णाला, कोणत्या दिवशी आणि निकाल कोण मोजणार, एवढे लिहून ठेवावे. आरोग्य खात्याने हे काम आज हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.